नोटेवर लिहू नये

एकतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये
मी नोटांचे ताव तपासले.
शाईचा ठिपका, सरकलेला आकडा,
कुठे रेघ जाड,
की लाल पेन्सिलीने खूण, आणि ताव बाजूला.
सुटताना झडती: अंबाडा, डबा, चपला.
अजूनही दहाच्या नोटेवर कुणाचा मोबाइल नंबर दिसला
की माझं डोकं सणकतं.

वरच्या खोलीत उल्याना राहते.
ओझरला विमानांची जाडजूड पुस्तकं
रशियनमधून इंग्रजीत करायला आली होती.
एक दिवस अर्ध्या पानावर काम सोडून आली.
त्या पानावर काय होतं, सांगितलं नाही.
फक्त म्हणाली, गांगुर्डेबाई, भाडं थोडं उशिरा.

तिची बहीण पेर्मला.
तिथे काही बायका काळे कपडे घालून
एक पांढरं फूल धरून नुसत्या उभ्या राहतात.
काही जणी दुकानात भावाच्या चिठ्ठ्या बदलतात:
साखरेखाली किलोचा दर नसतो,
किती पोरं परत आली नाहीत तो आकडा असतो.
बहीण नोटांवर लिहायची.
नोट कोणी फाडत नाही ना, उल्याना म्हणाली,
नोट फिरते.
बेकरीत पकडली तिला.
कुणी शिकवलं?
आईने, म्हणाली. अक्षर तिच्यासारखंच आहे.

मी म्हटलं, नोटेवर लिहू नये.
सवयीने निघालं तोंडातून.
उल्यानाने चहा संपवला, कप विसळून ठेवला.

रात्रभर जेल रोडवरून ट्रक जात राहिले.
लक्ष्मी आहे ती, म्हणायचो आम्ही खात्यात,
आणि दिवसभर लक्ष्मीच्या तोंडावर
लाल फुल्या मारायचो.
त्याचाच पगार घेतला मी.
नवऱ्याने तो दर महिन्याला दारातच मोजून घेतला,
तेव्हा मात्र माझ्याकडे पेन्सिल नव्हती.

सकाळी विचारलं, काय लिहायची गं ती?
न्येत.
नेट?
न्येत. म्हणजे नाही.
म्हटलं, आमच्यात नेट म्हणजे जोर,
चिखलात गाडी रुतली की सगळे मिळून लावतात तो.
ती मोठ्याने हसली, मग डोळे पुसले,
मग मला तो शब्द पुन्हा म्हणायला लावला.

बिटको चौकात मेथीची जुडी घेतली.
वीसची नोट, कोपऱ्यात लाल पेन्सिलीने
तीन अक्षरं, तिच्या लिपीतली, जरा वाकडी.
भाजीवालीने उलटसुलट केली.
मावशी, खराब आहे, दुसरी द्या.
चालते, म्हटलं.
मी तपासलीय.