अकरा चहा

पेव उघडलं की लगेच उतरायचं नाही,
बापू सांगायचे.
झाकण काढून दिवसभर तोंड उघडं ठेवायचं,
मग दोरीला बांधून कंदील सोडायचा.
विझला, तर आत हवा नाही. थांबायचं.
तेवत राहिला, तरी थोडं थांबायचं.

हरिपूरच्या रानात आता हळद कोण पेवात ठेवतंय.
बरीचशी पुराच्या गाळानं बुजली.
त्यातलं एक जरा धड होतं,
ते आम्ही नऊ दिवसांच्या भाड्यानं घेतलं
माझ्या पिक्चरसाठी.
निर्माता नव्हता. माझी एक एफडी होती
आणि मार्केट यार्डात तोलाई करून साठवलेले बापूंचे पैसे,
"तुझ्या लग्नात वाचलेत" म्हणून पुढं केलेले.
रजिस्टर केलं होतं मी. वाचले होते खरे.

म्हाताऱ्या हमालाचं काम त्यांनीच केलं.
नट परवडत नव्हता,
आणि पोत्याला हात घालताना गुडघा कुठं टेकायचा
हे नटाला शिकवायला वेळही नव्हता.

चौथ्या दिवशी मिरजेहून सुहासचा फोन:
स्वरदाला ताप आहे, एकशे एक, उतरेल,
तू शॉट घे.
मी शॉट घेतला.
उजेड छान होता म्हणून दुसरा टेकही घेतला.
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

सातव्या दिवशी पहाटे बापू उठले नाहीत.

लाइटवाला पोरगा घाटापर्यंत आला,
जाताना चप्पल शोधत हळूच म्हणाला,
ताई, सामान परवापर्यंतच आहे आपल्याकडं.
राग आला नाही.
जयकरच्या डोक्यावरून वस्तरा फिरत होता
आणि मीही तेच मोजत होते,
कृष्णेकडं तोंड करून.
तोलाईदाराची पोरगी.

तेराव्यानंतर जयकरला विचारलं.
एकच शॉट आहे, पाठमोरा:
म्हातारा पेवाचं तोंड बुजवून नदीकडं निघून जातो.
तो काही बोलला नाही. आई बोलली,
"शर्ट अजून धुतला न्हाई. तसाच घाल."
डोकं तासलेलं, म्हणून टोपी कानांपर्यंत ओढली.
डावा पाय जरा ओढ, असं मी सांगणार होते,
त्याआधीच तो ओढत निघाला.
आई मॉनिटरकडं नव्हती बघत,
टोपीकडं बघत होती, बांधाआड जाईपर्यंत.
कट म्हणायचं राहूनच गेलं.
जयकर पार पाण्यापर्यंत जाऊन उभा राहिला,
शेवटी मोसीननं हेडफोन गळ्यात घालून
त्याला परत आणलं.

त्यानंतर आठ महिने हार्डडिस्क कपाटात,
स्वरदाच्या आखूड झालेल्या स्वेटरांखाली.
मी दोन बारशी शूट केली, एक साखरपुडा,
एका क्लासची जाहिरात, त्यात पहिला आलेला मुलगा
सारखा डोळे मिटायचा.
सुहास कधी डिस्क काढ म्हणाला नाही,
राहू दे म्हणाला नाही,
फक्त हप्त्यांची वही लिहीत राहिला.
त्या वहीवरून आम्ही एकदा भांडलो,
म्हणजे भांडण दुसऱ्याच कशावरून तरी होतं, वही हाताशी होती.

काल पोरगी झोपल्यावर डिस्क लावली.
निळा दिवा लागला. थांबले.
तेवत राहिला,
तरी थोडी थांबले.

सहावा दिवस, चौथा टेक.
माझाच आवाज: कट.
पोतं उतरवून ठेवावं तसं बापू
भूमिका बाजूला ठेवतात.
कॅमेरा चालूच आहे, कुणाच्या लक्षात नाही.
कपाळावरची हळद बाहीला पुसतात
आणि एकेकाकडं बोट करत मोजायला लागतात,
मोसीन, लाइटवाला, वहीवाली पोरगी, ड्रायव्हर,
लांब उभा पेवाचा मालक,
मी,
मग बांधापलीकडं तोंड करून ओरडतात,
"अकरा चहा!"

पॉज करून मी माणसं मोजली.
अकराच. त्यांना सोडून.
मागं नेऊन
पुन्हा मोजली.