अर्धा आटा

गुरुवारची बॅच, अडीच ते साडेचार.
दांडिया बाजारातून सायकल हाणत यायचं
आणि दारातच शनाभाईंचा डबा पुढे:
घड्याळ, कडं, साखळी, सगळं ह्यात.
हेमांगीला ओढणी पाठीमागे बांधून दाखवत,
मळणीला बायका पदर खोचतात तशी.
माझ्या बोटात पोवळं, आईनं घातलेलं.
"मंगळ बे कलाक बहार बेसशे, बेन,"
म्हणायचे, आणि डब्याचं झाकण लावायचे.

टेबल तीन. डीसी शंट मोटर,
हिरवा रंग उडालेला, प्लेटवरचे आकडे
हात फिरवूनच वाचता यावेत असे.
ओजस आकृती वाचत होता, मी वायरी लावत होते.
फील्डचा नट मी बोटानं फिरवला,
फिरेपर्यंत फिरवला.
पाना शेजारच्या टेबलावर होता.
चार पावलं.

दिघे सर आले, वायरींवरून बोट नेत गेले
लाल, काळी, परत लाल,
म्हणाले, बरोबर आहे.
बरोबरच होतं.
प्रत्येक वायर आपल्या जागी होती.

पंधराशे वीस, ओजस म्हणाला,
वाकून शाफ्टला टॅकोमीटर टेकवून.
मी लिहिलं. पंधराशे वीस.
मग टेबलावरची पेन्सिल चालायला लागली.
आधी पेन्सिल, मग पट्टी, मग माझी वही,
आणि खालून जोत्यातून एक आवाज
वर, अजून वर, जिथं थांबायला हवा त्याच्याही वर.
मला म्हणायचं होतं, ओजस, बाजूला हो.
मी विचारलं, किती?

आणि तो सांगायला म्हणून अजून वाकला.

शनाभाई ओरडले नाहीत, धावलेही नाहीत.
रबराच्या पट्टीवरून तीन ढांगांत गेले
आणि मेन खाली ओढला.
वीज गेल्यावरही यंत्र फिरतच राहतं.
मी एकतीसपर्यंत मोजलं.
ब्रशपाशी जळका वास. कोणी बोललं नाही.
पेन्सिल फरशीवर कुठेतरी गेली होती.

रजिस्टरात ओजसनं लिहिलं, तो बॅचचा प्रमुख:
'फील्डची वायर निघाली. इजा नाही.'
खाली सही, तारीख.
मी ते वाक्य वाचलं आणि मला
सातवीतलं व्याकरण आठवलं.
निघाली: अकर्मक क्रियापद.
वायर: कर्ता.

किती उदार आहे आपली भाषा.
काच फुटते, दूध उतू जातं,
फ्यूज उडतो, चूक होते,
आणि कोणाचा हात तिथं नसतोच.
मीही काही बोलले नाही.
तो दिवसभर कान चोळत होता.

जाताना डबा पुढे आला.
अंगठी नीट जाईना, बोट थरथरत होतं.
शनाभाई डब्याकडेच बघत म्हणाले,
"नट एनी मेळे ढीलो न थाय, बेन."
एवढंच. सरांना सांगितलं नाही त्यांनी.
सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्या गुरुवारी प्रत्येक टेबलाला
सुतळीनं बांधलेला एक एक पाना.
नवीन, तेलाचा वास असलेला.
त्यांनी ती चार पावलं मोजली असणार.

आता माझ्या सहीवर
सहासष्ट केव्हीचं सबस्टेशन चालू होतं.
फॉर्मवर छापलेलं असतं: तपासले.
मी पोरांना म्हणते, ते खोडा.
कोणी तपासलं?
हाताला लागलं का? कुठल्या हाताला?
ती वैतागतात, चहा थंड होतो म्हणतात.

आणि ते जुनं रजिस्टर
केव्हाच रद्दीत गेलं असेल,
म्हणून इथे लिहिते, उशिरा, ओजसच्या ओळीखाली:

नट मी बोटानं आवळला.
अर्धा आटा राहिला होता.
मला माहीत होतं.