शून्य युनिट

सुकी नदीच्या अलीकडच्या तीन गावांची मिळून
आमची वीज सोसायटी. सभासद चारशे अकरा.
तिचा एक अंक निघतो, चार पानांचा,
दर तीन महिन्यांनी; केळी कापणीला आली की चार.
नाव ‘सभासद वार्ता’. छपाई सावद्याची,
चुका इथल्याच.

आधी टोपलू मास्तर काढायचे.
ते गेले, आणि संचालकांनी वही माझ्या हातात दिली
कारण मीटर वाचत मी घरोघर हिंडतो.
‘तुले सारं मालूम ऱ्हाते,’ चेअरमन म्हणाले.

मालूम म्हणजे काय, आकडे.
कुणाकडे नवा फ्रीज आला
ते मीटरचं चाक सांगतं, शेजारणीच्या आधी.
कुणाचा पोरगा पुण्याहून नोकरी सोडून आलाय
आणि रात्रभर दिवा चालू ठेवून बसतो,
तेही सांगतं.
ते मी छापत नाही.

छापतो ते असं:
रोहित्र क्रमांक सात बदललं, सहकार्याबद्दल आभार.
वैशाखातल्या वादळात केळी तारांवर आडव्या झाल्या
तेव्हा सोळा सभासदांनी विळे घेऊन
रात्री दोनपर्यंत लाइन मोकळी केली,
वायरमन रुबाब तडवी मदतीला होते.
खरं तर उलट होतं.
तो खांबावर होता, मदतीला आम्ही.
पुढच्या अंकात दुरुस्ती दिली, बारीक टायपात.
रुबाब हसला. म्हणाला, चष्मा पण छापायचा सोबत.

वार्षिक सभेत सरलाबाई भारंबे यांच्या सुनेनं
खरखरत्या माइकवर विचारलं,
बिलातले वरचे सुटे पैसे जातात कुठं?
सभा गप्प. मागे भरताची वांगी भाजत होती,
धूर मंडपात शिरत होता,
खजिनदारांना त्याचाच आधार झाला, ते खोकत राहिले.
हिशेब निघाला तो पाच वर्षांचा:
अकरा हजार नऊशे रुपये, कुणाचेच नसलेले.
आता पाड्यावरच्या शाळेत संध्याकाळी सहा दिवे लागतात.
ठराव क्रमांक नऊ.
सूचक, सून. अनुमोदक, सासू.
हे मात्र पहिल्या पानावर, चौकटीत.

आणि हे कुठं छापावं ते कळेना:
सभासद क्रमांक दोनशे चौदा, द्वारकाबाई झोपे.
दर महिन्याला आठ युनिट, फार तर नऊ.
एक बल्ब, एक रेडिओ.
माघात गेलो तर आकडा होता तिथंच.
मी वहीत शून्य लिहिलं, फाटकापर्यंत आलो,
आणि परत फिरलो.

बाई होत्या. धडधाकट. चूल पेटवून बसलेल्या.
बल्ब गेला म्हणाल्या, महिना झाला.
स्टुलावर चढवत नाही.
तक्रार का नाही केली?
‘कोनाची करू? लाइट तं होती. मीच अंधारात होती.’

फडताळात आमचा अंक पसरलेला, सगळ्या तारखांचा,
वर लोणच्याच्या बरण्या.
बरणीखालून माझंच वाक्य दिसत होतं:
आपली सोसायटी, आपला परिवार.

मीटरच्या अलीकडे सोसायटी, पलीकडे ग्राहक.
नियम मीच कितीदा वाचून दाखवलाय लोकांना.
स्टूल डुगडुगत होतं. बाईंनी धरलं.

तेव्हापासून वहीच्या शेवटच्या पानावर
शून्यांची वेगळी यादी असते.
चार घरं रुबाब घेतो, तीन भारंब्यांची सून,
दोन तो पुण्याहून आलेला पोरगा.
काही घरांना नुसतं कुलूप असतं, माणसं सुरतेला.
काहींना नसतं.

या अंकात, तिसऱ्या पानाच्या तळाशी,
एक ओळ टाकलीय:
सभासद क्रमांक २१४, चालू रीडिंग नऊ.
सावद्याहून प्रेसवाल्याचा फोन आला,
ही ओळ चुकून राहिली का? काढू?

म्हटलं, राहू दे.