करकर

फुलेवाडीच्या नाक्यापर्यंत गाडी गप्प असते.
बालिंग्याच्या पुलावर चाक चढले की सुरू:
कुंऽई, कट्. कुंऽई, कट्.
जणू मागे कुणी गंजलेल्या रहाटाने
कोरड्या आडातून पाणी शेंदतंय.

मागे म्हणजे आमचा डबा. धाकटे घरच ते.
फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमधून सुटलो तेव्हा मिळालेल्या पैशात
पत्रा, प्लाय, दोन चाके, एक खिडकी.
दोन माणसे झोपतील एवढा,
भांडली तर एकाने बाहेर झोपावे एवढा.
बोलेरोला जोडून महिन्यातून एकदा
मी आणि मालन गगनबावड्याकडे निघतो.

आधी मी ग्रीस घातले.
गोळ्याला, वाटीला, पिनेला, सदऱ्याला.
कळ्यापर्यंत शांतता.
मग तेच, फक्त जरा जाड आवाजात,
ग्रीस खाऊन अंग धरल्यासारखे.

उद्यमनगरात इलाही शिकलगार आहे,
कानाला पाना लावून इंजिन ऐकणारा.
पोते अंथरून तो जोडाखाली सरकला.
डबा हलवा, म्हणाला. हलवला.
अजून. अजून.
मग खालूनच बोलला,
"गोळ्याचं काय न्हाई. नळीत दांडा ढिला हाय.
घासतंय म्हणून नव्हं, जागा हाय म्हणून वाजतंय.
ग्रीसनं तोंड बंद हुईल.
जागा कशी भरंल?"

पत्र्याची पट्टी ठोकू, मी म्हणालो.
"लोखंडात लोखंड? भांडण मिटवायला सोयरा बोलावल्यागत."
मग रबर?
"दोन फेऱ्यांत भुगा."

इतका वेळ मालन पुढच्या सीटवर
शेंगा फोडत बसली होती.
टरफले खिडकीतून झटकून म्हणाली,
"कातडं घाला."

सुभाषनगरच्या गुंडाप्पा सातपुत्यांची ही लेक.
बाप वाजणाऱ्या चपला करायचा.
दोन तळांच्या मध्ये काय ठेवायचा
ते पोरांनाही सांगितले नाही त्याने.
पैलवान यायचे, गावोगावचे पाटील यायचे,
दुकानात चार पावले टाकून बघायचे, मान तिरकी करून.
करकर कमी वाटली तर जोड परत:
"गल्लीच्या तोंडाला आलो की घरात कळाय पायजे."
आवाजाचे वेगळे पैसे घ्यायचा म्हातारा.

आणि त्याच्या स्वतःच्या पायात मुकी चप्पल,
एरंडेल पाजून पाजून काळी पडलेली,
रात्री उशिरा आला तर
पोरांची झोप मोडू नये म्हणून.

"कोरडं कातडं बोलतं," मालन म्हणाली,
"तेल प्यालेलं ऐकतं."

दुसऱ्या दिवशी तिने पत्र्याच्या पेटीतून
बापाची रापी काढली आणि म्हशीच्या कातड्याचा एक तुकडा,
कुणाच्या तरी पायाच्या मापाचा, अर्धवट कापलेला.
रात्रभर तो एरंडेलात भिजला.
सकाळी दांड्यावर धरून तिने
नखाने खूण केली, कापला,
पुन्हा सुतभर कापला.
इलाही नुसता बघत राहिला.
मग त्याने बोल्ट आवळला
आणि त्या दिवसाचे पैसे घेतले नाहीत,
म्हणजे निम्मेच घेतले.

बालिंग्याचा पूल. काही नाही.
कळे. काही नाही.
असळजपर्यंत मी आरशात
किती वेळा बघितले कुणास ठाऊक.
"काय बघतोयस सारखं?"
डबा आहे ना मागे.
"न्हाई, सुटून कोल्हापूरला परत गेला," मालन म्हणाली
आणि शेंगांची पिशवी माझ्याकडे सरकवली.

करूळच्या दुसऱ्या वळणावर
मागून आले: टिंग.
थोडे थांबून पुन्हा, टिंग.
माझा पाय आपोआप ब्रेककडे.

"चल. स्टीलचा पेला हाय त्यो, मोरीतला.
असू दे तेवढा.
त्याचं वेगळं पैसं न्हाईत."