खांद्याचं माप

घाडी सुभेदार आले तेव्हा बाबांनी त्यांना बंदूक दाखवलीच नाही.
म्हणाले, आधी रेल्वे फाटकापर्यंतचा चढ चढून या,
मध्ये थांबायचं नाही.
ते धापा टाकत परतले, तसा हातात
फावड्याचा दांडा दिला: धरा नेम.
दांड्याचं टोक किती हलतंय, बाबा बघत राहिले.
मी नऊ वर्षांची, भुशात बसून
तेच मोजत होते.

"डोंगरात गवा दिसतो तो तुम्ही दमल्यावरच, सुभेदार.
ताज्या दमाचा नेम घेऊन काय करायलाय?"

सुभेदारांना हवी होती जाड नळी, मोठं बोअर,
पलटणीत कुणा साहेबाकडे बघितलेली तसली.
घ्या की, बाबा म्हणाले. खरं एक सांगा,
कणकुंबीपासून भीमगडाच्या कड्यापर्यंत
ती खांद्यावर किती तास असणार?
आणि गालाला किती वेळ?
सुभेदार गप्प.
"दिवसभर वाहायची, एका श्वासापुरती उडवायची.
मग मी ऐकायचं कुणाचं?"

साडेसात पौंड ठरलं. काडतुसांसकट नाही, पट्ट्यासकट.

मग माप.
कोपराच्या खळीपासून तर्जनीच्या पहिल्या पेरापर्यंत
साडेतेरा इंच, वर पाव.
मान. गालाचं हाड. डावा डोळा मिटतो का?
मिटत नव्हता. दोन्ही उघडे ठेवायचे,
बायको म्हणायची, झोपेतसुद्धा.
लग्नाच्या कोटाला शिंप्यानं एवढं मोजलं नव्हतं,
असं म्हणून सुभेदार पहिल्यांदा हसले.

सागवान नको, झटक्याला उभं फाटेल.
शिसव देखणं, खरं जड.
कॅम्पातल्या हुसेनसाबनं माळ्यावर अठरा वर्षं वाळवलेली
अक्रोडाची फळी निघाली.
बाबांनी ती उन्हात तिरकी धरून रेघा वाचल्या.
मूठ येते तिथं रेघ सरळ पाहिजे,
पुढं तिला हवं तसं नाचू दे.

जवसाचं तेल, नुसत्या तळव्यानं, एकवीस रात्री.
महिनाभर आमच्या भाकरीला त्याचा वास.

दस्त्यावर शेवटचा हात फिरला, आणि कायदा आला.
गवा सरकारचा झाला.
सुभेदारांनी पैसे पुरते मोजले,
बंदूक घोंगड्यात गुंडाळली
आणि जांबोटीच्या एसटीत मांडीवर घेऊन बसले.

त्यानंतर ती डोंगर चढली नाही.
चढली खानापूर ठाण्याच्या पायऱ्या,
लोकसभेला, विधानसभेला, झेडपीला.
निवडणूक लागली की जमा करायची,
निकाल लागला की आणायची.
पावती कन्नडात: कोवी, एक.
सुभेदार ती दर वेळी आमच्याकडून वाचून घ्यायचे,
जणू या खेपेला दुसरं काही लिहिलं असेल.

गवे मात्र येत राहिले, भाताच्या लोंब्यांवर.
हे मचाणावर, बंदूक मांडीवर,
आणि हातात पत्र्याचा डबा, बडवायला.

परवा आले. मुलानं दंडाला धरलेलं.
मी आता देव्हारे करते, खाटांचे खूर करते,
बाबांची कानस मात्र त्याच खिळ्याला.
बंदूक टेबलावर ठेवून म्हणाले,
"लांब झालीय गं ही."

लाकूड वाढत नाही, हे मी बोलले नाही.
कोपराच्या खळीपासून पेरापर्यंत मोजलं.
हात तेवढाच होता. साडेतेरा, वर पाव.
खांदाच आत गेला होता, मान खाली आली होती.
पाऊण इंच काढायला हवं.

"आता कशाला, सुभेदार?"
"ग्रामपंचायत लागलीय की.
ठाण्यात देताना नीट धरता यायला पाहिजे."

चढावर पाठवलं नाही त्यांना.
दुकानाच्या दोन पायऱ्यांनीच दम लागला होता.
तसंच म्हटलं: धरा नेम.
त्यांनी दोन्ही डोळे उघडे ठेवून
समोरच्या पतसंस्थेच्या पाटीवर बंदूक रोखली.
टोक हललं, हललं,
मी मोजत राहिले.

करवतीतून निघालेला काप टाकायला लागले,
तर हात पुढं आला.
अक्रोडाचा तो तुकडा त्यांनी हुंगला,
खिशात घातला, वरून गुंडी लावली.
त्याची पावती कुणी मागणार नव्हतं.