संक्रांतीनंतरचा शनिवार

चंद्रकळा कापताना हारूनमास्तर दोनदा थांबले.
"बाई, हे परत जोडता नाही येणार."
भद्रकालीतलं त्यांचं बोळकांडीएवढं दुकान,
कात्री उघडी, बल्ब पिवळा.
कापा, म्हटलं.
आईची होती. आई रागावली असती की हसली असती,
आता विचारणार कुणाला.
पदराची कॉलर झाली, निऱ्यांचा घेर,
पाठीवर बंद, आवळून बांधायचे.
"श्वास कुठून घ्यायचा यात?"
वरचा वर, म्हटलं. सवय आहे.

घरी सांगितलं, बँकेचं ट्रेनिंग.

गंगापूर धरणाच्या अलीकडे, द्राक्षांना लागून लॉन.
पौषात लग्नं नसतात, म्हणून परवडलं.
कमानीवर मागच्या मुहूर्ताचे थर्माकोलचे बदाम,
खाली केदा आहेर, मालक, कानटोपी घालून:
"ते काळ्या कपड्यांवाले ना तुम्ही?
गाड्या तिकडं लावा. वेलींना धक्का नको,
माल एक्सपोर्टचा आहे."

असं दूरदेशी समुद्राकाठी भरतं म्हणे,
पडक्या मठाखाली, खाऱ्या वाऱ्यात.
आम्हाला धरण. आम्हाला निफाडकडून येणारी थंडी.
चाळीसेक जण. सिन्नर, मालेगाव,
एक पोरगी धुळ्याहून एसटीनं,
ओठ जांभळे, मांडीवर मेथीच्या ठेपल्यांचा डबा.
कंडक्टरनं विचारलं म्हणे, नाटकात आहेस का?
ती म्हणाली, नाही, सुट्टीवर आहे.

शरणपूरचा ऑगस्टीन पाटोळे आठवडाभर भूगोल शिकवतो.
इथे तो बासची जाड तार छेडतो
आणि ज्यांच्या पोटातलं पाणी कधी हललं नव्हतं
त्यांचंही हलतं.
नाच म्हणावा असं काही नाही,
कोळीष्टकं झाडल्यासारखे हात,
डोळे मिटून, एकमेकांना न लागता.
मी त्रेचाळीस वर्षांची. मला कुणी काकू म्हटलं नाही.

दामिनी गांगुर्डेनं हलव्याचे दागिने आणले होते,
होणाऱ्या सुनेसाठी केलेले.
लग्न मोडलं, हलवा उरला.
मुकुट मला, बाजूबंद ऑगस्टीनला,
काळ्यावर पांढरा काटा असा उठून दिसला
की केदा आहेरसुद्धा टोपी काढून बघत राहिला.
मध्यरात्री मुकुटाला मुंग्या लागल्या.
तशाच राहू दिल्या.

पहाटे कुणीतरी म्हणालं, रामकुंडावर चहा मिळतो.
आम्ही गेलो, सातजण, घेर उचलून, ओल्या पायऱ्या उतरत.
वाटलं होतं लोक बघतील.
ज्या गावाचा रामच काळा, ते कशाला बघतंय.
आणि घाटावर ज्याच्या त्याच्या हातात
ज्याचं त्याचं पांढरं गाठोडं.

माझं काजळ गालापर्यंत आलेलं.
नुकतंच मुंडन केलेला एक माणूस जवळ आला,
डोक्यावर वस्तऱ्याची ताजी रेघ.
"तुमचं कोण गेलं?"
कुणी नाही, असं म्हणायचं होतं.
तोंडून निघालं, आई.
अकरा वर्षं झाली, हे सांगितलं नाही.
"माझीही," तो म्हणाला. "जरा चष्मा धरता?"

तो पाण्यात उतरला. मी चष्मा धरून उभी,
त्याच्या काचा माझ्या तळहातात घामेजल्या,
त्याचा फोनही दिला होता, तो वाजला,
पडद्यावर *गॅसवाला*.
मी वाजू दिला.

वर आला तेव्हा दात वाजत होते.
चष्मा लावून त्यानं आधी मला पाहिलं,
मग कॉलर, मग घेर,
बोटानं दाखवलं, शिवलं नाही.
"चंद्रकळा ना ही?"
काल दिवसभरात कुणीच ओळखली नव्हती.
हो, म्हटलं.
"चांगलं केलंत. आमच्याकडे ट्रंकेत कसर लागली."

सोमवारी कॅश काउंटर.
कितीही धुतलं तरी कोपऱ्यात काळं राहतंच.
शेजारच्या टेबलवरची विनया बोरस्ते वाकून म्हणाली,
"अगंबाई, डोळे आले का तुझे?"
हो, म्हटलं. आत्ता कुठे आले.
तिनं हळूच स्वतःचं पेन माझ्याकडून ओढून घेतलं.