टचिंग

रात्री आठला वर्ग.
मी पावणेआठलाच गच्चीवर जाते,
टाकीच्या पूर्वेला, जिथं नेटवर्कचे तीन दांडे येतात.
लॅपटॉप उपड्या घमेल्यावर.
पडद्यावर छत्तीस चौकोन, त्यातल्या एकात
मंदाकिनी गवारे, सेलू.
वय कुणी विचारत नाही. बरं आहे.

मृणाल मॅडम पुण्याहून सांगतात:
मूळ थराला हात लावायचा नाही.
आधी नक्कल काढा, काय करायचं ते नकलेवर करा.
मी वहीत उतरवून घेते.
बाकीची पोरं लिहीत नाहीत,
पडद्याचाच फोटो काढतात.

मग येतो तो ब्रश, डाग बुजवणारा.
शेजारची कातडी उचलतो
आणि अशी पसरतो
की वण होता हे गालालाही आठवू नये.

खाली अण्णा बाजेवर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
जिन्यातून आवाज देतात, "आज काय शिकवलं गं?"
सांगते.
"म्हंजे टचिंगच की."

टू-बी पेन्सिल, ब्लेडनं सुईसारखी टोकलेली.
काचेवर निगेटिव्ह, काचेमागं बल्ब,
आणि अण्णांनी निम्म्या तालुक्याचे
देवीचे वण भरून काढले.
सोयरिकी जुळल्या त्यांच्यावर.
"एकदा एक नवरदेव फोटो घेऊन परत आलता," म्हणतात.
पुढचं सांगत नाहीत. हसतात नुसते.

चौथ्या आठवड्याचा गृहपाठ:
एक खराब झालेला जुना फोटो दुरुस्त करा.
त्याच आठवड्यात प्रयागबाई आली.
पदराच्या गाठीत बाजार समितीचं ओळखपत्र.
सटवाजी, हमाल, बिल्ला दोनशे सतरा.
कडा घामानं विरलेल्या, गालावर अर्धा शिक्का,
आणि डोळे मिटलेले.
"ह्याच्याबिगर दुसरा फोटूच न्हाई.
मंगळवारी वर्षसराद हाय.
डोळे तेवढे उघडून द्या."

कुठून आणायचे?
ब्रश शेजारचंच देतो,
आणि मिटल्या पापणीच्या शेजारी पापणीच असते.
इंटरनेटवर पुरुषांचे हजारो डोळे फुकट मिळाले,
कापसाच्या धुळीनं तांबारलेला एकही नाही.

शेवटी कालिंदाला स्टुलावर बसवलं.
त्यांची धाकटी, नववीतली.
"नाक मपलं, डोळे बापाचे," असं आईच म्हणाली होती.
मास्क टाकला. कडा मऊ केल्या.
पांढऱ्यात थोडा लाल, चिमूटभर पिवळा.
बुबुळात स्टुडिओची छत्री चमकत होती, ती पुसली.
रात्री दोनच्या सुमाराला
सटवाजीनं डोळे उघडले.
मी उठून पाणी प्याले.

मॅडमनी दहापैकी साडेसात दिले.
शेरा: उजेडाची दिशा चुकली.
चेहऱ्यावर डावीकडून, डोळ्यांत उजवीकडून.
खरंय.

प्रयागबाईनं प्रिंट आधी हातभर लांब धरली, मग नाकाशी.
"अवो, हे असं कवाच बगत नव्हते मह्याकडं.
लाजायचे.
फोटूवाला रेडी म्हनला की झाकून घ्यायचे."
मग बराच वेळ काही नाही.
बाहेर कुणीतरी मोटरसायकलला किका मारत होतं.
"झाकलेलेच ऱ्हाऊ द्या.
शिक्का तेवढा काडा गालावरचा."

मूळ थर होता तसाच होता.
प्रत्येक थराशेजारी एक बारका डोळा असतो,
त्याच्यावर टिचकी मारली की
थर असतो, दिसत नाही.
मारली.

शिक्का काढला. पैसे अर्धेच घेतले.
आई पुढं गेली, पोरगी दारात घुटमळली.
"तो दुसरा, उघड्या डोळ्यांचा,
मला मोबाईलवर पाठवता का?
आईला नका सांगू."

फाईल जड. खाली जाईना.
संध्याकाळी गच्चीवर गेले,
टाकीला पाठ लावून उभी राहिले
आकडे मोजत.
एकसष्ट टक्के. एकसष्ट.
बासष्ट.